मेंढरं, बर्फ आणि गच्चीवरची चादर: तेलरंगातलं पहिलं हिवाळी चित्र

बेळगावात बर्फ बघायचा तर उसाच्या रसाच्या गाड्यावर. गोणपाटात गुंडाळलेली लादी आणि दांडक्यानं तिचे तुकडे पाडणारं पोरगं, एवढीच आमची हिमवृष्टी. तरी शहापुरातल्या माझ्या रविवारच्या वर्गात दरवर्षी कोणीतरी मोबाइल पुढं करतंच. बर्फानं झाकलेला माळ, मागं पानं झडलेली झाडं, मावळतीचा केशरी उजेड आणि त्यातून आपल्याकडं चालत येणारी मेंढरं. "सर, हे करायचंय." आधी मी टाळायचो. म्हणायचो, जे बघितलं नाही ते कशाला रंगवायचं? आता टाळत नाही. पांढरा रंग नेमका केव्हा वापरायचा नाही, हे शिकायला याच्याइतका चांगला विषय मला अजून सापडलेला नाही.

मोबाइलवरची ती चित्रं बहुतेक वेळा एकाच माणसाच्या वळणाची असतात. जोसेफ फार्कर्सन (१८४६–१९३५), स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनशायरचा. बर्फातली मेंढरं त्यानं इतकी रंगवली की लोक त्याला 'फ्रोझन मटन' फार्कर्सन म्हणायला लागले. त्याचं १८८३ सालचं 'द जॉयलेस विंटर डे' लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. हा गडी थंडीत कुडकुडत उभा राहायचा नाही. त्यानं चाकांवरची एक लाकडी खोली करून घेतली होती, आत शेगडी आणि बाहेर बघायला मोठी काचेची खिडकी. मेंढरं एका जागी थांबत नाहीत म्हणून चक्क खोटी मेंढरं करून घेतली होती, हवी तिथं नेऊन ठेवायला. तेव्हा आपण गच्चीवर बसून बर्फ रंगवला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आधी चादर

रंगाची ट्यूब उघडण्याआधी हे एक काम करा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसात-आठला, ऊन कोवळं आणि तिरपं असताना, एक पांढरी चादर गच्चीवर टाका. ताणून नको, चुरगळून टाका, म्हणजे तिच्यात टेकड्या आणि घळी होतील. मधोमध एक तांब्या ठेवा आणि त्याची लांब सावली बघा.

"काळसर आहे," असं सगळेच म्हणतात. मग एका कोऱ्या कागदाला पेन्सिलीच्या टोकानं भोक पाडा आणि त्या भोकातून फक्त सावलीचा तुकडा बघा. निळा दिसेल. तसंच उन्हातला तुकडा बघा, तो दुधी पिवळट दिसेल. कारण साधं आहे. उन्हातल्या चादरीवर थेट सूर्याचा पिवळा उजेड पडतो. सावलीत सूर्य पोचत नाही, तिथं उजेड येतो तो वरच्या निळ्या आकाशाचा. बर्फावर हेच घडतं, फक्त जास्त ठसठशीत. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेनं १८६८-६९ च्या हिवाळ्यात कुंपणावर बसलेल्या मॅगपाय पक्ष्याचं चित्र केलं, त्यात बर्फावरच्या सावल्या उघड निळ्या आहेत. १८६९ च्या सलोननं, म्हणजे पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनानं, ते नाकारलं. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

आता चादरीवर कापसाचा एक बोळा ठेवा, सरकी न काढलेला मिळाला तर उत्तम. हातात पांढरा वाटणारा कापूस चादरीवर जोंधळ्याच्या पिठासारखा दिसतो. लोकरीचंही तेच. पांढरं मेंढरू बर्फात पांढरं दिसत नाही. ते मळकट, पिवळट आणि बर्फापेक्षा गडद दिसतं. त्या मळकटपणाच्या शेजारी असल्यामुळंच बर्फ बर्फासारखा वाटतो. सगळं चित्र या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून चादर टाळू नका. वर्गातली निम्मी मंडळी टाळतात आणि मग खडूनं सारवलेल्या भिंतीसारखं काहीतरी घेऊन येतात.

सामान

पहिल्या चित्राला १२ बाय १६ इंचाचा कॅनव्हास बोर्ड पुरे. मोठा घेतला की हात घाबरतो, लहान घेतला की मेंढरांच्या जागी ठिपके उरतात.

रंग सहाच घ्या: टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, येलो ऑकर, अलिझरीन क्रिमसन आणि कॅडमियम यलो. पांढऱ्याची ट्यूब मोठी असू द्या, बाकीच्या लहान. झिंक व्हाइट नको, त्याचा थर वाळल्यावर ठिसूळ होतो. काळा तर घेऊच नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घट्ट मिसळले की जो काळा होतो तो जिवंत असतो. थोडा निळ्याकडं झुकवा, थोडा तपकिरीकडं. ट्यूबमधला काळा बर्फात गेला की सावलीला धुराची कळा येते.

ब्रश चार. डुकराच्या केसांचे चपटे दोन, एक इंचभर रुंद आणि एक अर्धा इंच. एक फिल्बर्ट, म्हणजे ज्याचं टोक गोलसर असतं तो, मेंढरांसाठी. एक लांब केसांचा बारीक रिगर, फांद्यांसाठी. शिवाय एक पॅलेट नाइफ, म्हणजे रंग मिसळायची बोथट सुरी, टर्पेंटाइन, जवसाचं तेल आणि जुन्या धोतराच्या चिंध्या.

तेलाबद्दल जरा थांबतो, कारण इथं आमच्या भागातली माणसं हमखास चुकतात. जवस आणि करडई दोन्ही आपल्याकडच्या रानातली पिकं. जवसाची चटणी न खाल्लेला माणूस निपाणीपासून अथणीपर्यंत सापडायचा नाही. तेलरंग हा याच दोन तेलांचा खेळ आहे. रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटतात. पांढऱ्यासाठी बऱ्याचदा करडईचं वापरतात, कारण जवसाचं काळानं जास्त पिवळं पडतं. ही तेलं पाण्यासारखी उडून जात नाहीत. हवेतला ऑक्सिजन शोषून ती घट्ट होतात, त्यांची साय धरते. म्हणून लोकांना वाटतं, घाण्यावरून बाटलीभर आणलं की झालं. घाण्याच्या तेलात चिकट गाळ असतो, तो चित्रात नीट वाळत नाही. चित्रकारांसाठी शुद्ध केलेलं लिनसीड ऑइल रंगांच्या दुकानात मिळतं, तेच घ्या. मी स्वतः तरुणपणी याहून मोठा शहाणपणा केला होता. एका संध्याकाळी बाटली संपली म्हणून स्वयंपाकघरातलं शेंगतेल वापरलं. शेंगतेल वाळणारं तेल नाहीच. चार महिन्यांनी ते चित्र बोटाला लागत होतं, आणि माझ्या आकाशात तोवर पंधरा-वीस चिलटं कायमची मुक्कामाला आली होती.

मेंढरू बघायला जा

बर्फ मोबाइलवर बघा, हरकत नाही. मेंढरू मात्र मोबाइलवर बघू नका. त्यासाठी आपल्याला कुठं लांब जायला लागत नाही. भातकापणी झाली की शिवारात मेंढरं बसवायला धनगर येतात. रात्रभर कळप रानात बसला की लेंडीखत आयतं पडतं, शेतकरी त्याचे पैसे किंवा धान्य देतो. येळ्ळूरच्या बाजूला राजहंसगडाच्या पायथ्याशी, नाहीतर खानापूर रस्त्याला सकाळी सायकल काढा, एखादा कळप दिसेलच. बेळगावच्या चित्रकारांना उघड्यावर बसून काढण्याची सवय जुनी आहे. रवी परांजपे (१९३५–२०२२) इथलेच, के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली शिकलेले.

गेल्या पौषात मी असाच एका तळाशी गेलो. विचारलं, "मामा, जरा बसू का हितं? चित्र काढतो."

"बसा की ओ. पर मेंढरं बसायची न्हाईत तुमच्यासाठी."

खरंच बसली नाहीत. म्हणून एक सवय लावून घ्या: एका कागदावर एकदम पाच-सहा मेंढरं सुरू करा. एक हललं की दुसऱ्यावर जा, पुन्हा कोणीतरी त्याच पवित्र्यात येतंच. एका आकृतीला अर्धा मिनिट. आधी धड काढा, पावाच्या लादीतला एक पाव असावा तसं: वर जवळजवळ सपाट, कडा गोल. मग मान, ती धडातून पुढं येते, वर नाही. मग डोकं, म्हणजे एक निमुळती पाचर. कान डोक्याच्या माथ्यावर नसतात, बाजूला आडवे असतात. कान वर गेले की मेंढराचा ससा होतो.

आपली दख्खनी मेंढी बहुतेक काळी, तिच्याच लोकरीची घोंगडी होतात. स्कॉटलंडातली अंगानं मळकट पांढरी आणि तोंडानं काळी. पण अंगाची ठेवण शिकायला आपली चालते. त्या दिवशी तर एक गोष्ट फक्त आपल्याच मेंढरांनी दाखवली. सातचा सुमार होता, धुकं होतं. कन्नडात धुक्याला मंजू म्हणतात आणि बर्फाला मंजुगड्डे, धुक्याचा गड्डाच. दव पडून त्या काळ्या मेंढरांच्या पाठी राखाडी-पांढऱ्या झाल्या होत्या. फक्त पाठी. मणक्याच्या रेषेवर दव दाट, तिथून खाली बरगडीच्या वळणावर विरळ, आणि पोटाकडं पुन्हा नुसता काळा. मानेवर नव्हतं, कारण मान सारखी हलते. एका मेंढीनं अंग झाडलं आणि क्षणात ती सगळी काळी झाली. बर्फ पडल्यावर तो मेंढराच्या अंगावर कुठं बसेल, याचा नकाशाच मला मिळाला. पाठीवर, खांद्यांच्या मध्ये, ढुंगणाच्या वरच्या सपाटीवर. बाजूला पांढरे ठिपके मारू नका.

बोर्ड मळवा

कोऱ्या पांढऱ्या बोर्डावर पांढरा बर्फ रंगवायला बसलात तर तुम्हाला काहीच दिसणार नाही. म्हणून आदल्या दिवशी बर्न्ट सिएनात थोडा येलो ऑकर घाला, टर्पेंटाइननं चहासारखा पातळ करा आणि सगळ्या बोर्डावर फिरवून चिंधीनं पुसून घ्या. मातीचा फिकट रंग राहील, आपल्या लाल मातीसारखा. यात तेल अजिबात नको. पुढं निळ्या सावल्यांच्या फटीतून ही तांबूस जमीन इथं-तिथं डोकावते आणि निळ्याला ऊब देते. ती डोकावलेली जागा बुजवायचा मोह होतो, बुजवू नका.

थरांचा नियम इथंच सांगून ठेवतो. खालचा थर टर्पेंटाइनचा, वरचे थर क्रमानं थोड्या-थोड्या जास्त तेलाचे. उलट केलंत तर खालचा तेलकट थर आत हळूहळू वाळत, हलत राहतो आणि वरचा आधीच कडक होतो. मग वरच्या थराला भेगा पडतात.

रेखाटन

क्षितिजरेषा वरून तिसऱ्या हिश्शावर घ्या, म्हणजे खाली बर्फाला भरपूर जागा राहते. सूर्य क्षितिजाच्या जरा वर, डावीकडं, झाडांच्या मागं. मेंढरं उजवीकडून मधल्या बाजूला येणारी. सात घ्या. त्यांतली तीन पुढं, ओळखू येतील अशी. मागची चार एकमेकांत मिसळलेली, नुसत्या पाठी आणि डोकी.

सूर्य मेंढरांच्या मागं ठेवायला मी मुद्दाम सांगतो. समोरून ऊन घेतलं तर प्रत्येक मेंढराची लोकर, चेहरा, डोळा सगळं रंगवावं लागतं. मागून ऊन आलं की मेंढरू म्हणजे एक गडद आकार आणि त्याला उजळ कड. नवख्याला जमणारं आणि दिसायलाही देखणं.

सूर्य समोर असला की सावल्या आपल्या दिशेनं येतात, पण एकमेकींना समांतर नसतात. सूर्यातून सरळ खाली क्षितिजावर एक खूण करा. प्रत्येक झाडाची, प्रत्येक मेंढराची सावली त्या खुणेपासून निघाल्यासारखी, उघडलेल्या पंख्यासारखी पसरते. पट्टी ठेवून फिकट रेषा मारून घ्या. या एका गोष्टीनं उजेड खरा वाटतो, आणि वर्गात सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. सगळ्या सावल्या एका बाजूला झुकवून ठेवतात, शाळेतल्या ओळीत उभ्या केल्यागत.

रेखाटन पेन्सिलीनं नको, पातळ बर्न्ट सिएनानं ब्रशनंच करा. पेन्सिल फिकट रंगातून वर दिसत राहते.

पहिली बैठक: आकाश, झाडी, बर्फ

तीन तास हातात ठेवा. आकाशापासून सुरू करा. सूर्याभोवती पांढरा, कॅडमियम यलो आणि अलिझरीनचा अगदी ठिपका. तिथून बाहेर जाताना येलो ऑकर वाढवा, आणि वरच्या कोपऱ्यांत पांढरा-अल्ट्रामरीन-सिएनाचा राखी निळा. पिवळा आणि निळा थेट भिडले तर हिरवट होतं. मधे अलिझरीन घातलेला गुलाबी-राखी पट्टा घाला. आकाशावर वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नका, ते बाजूला उभं राहायला आलंय.

लांबची झाडी म्हणजे नुसता जांभळट राखी पट्टा, वरची कड ओल्या आकाशात कोरड्या ब्रशनं ओढून विरवलेली. एकेक झाड आत्ता नको.

आता बर्फ. पहिल्यांदा फक्त सावली रंगवा, सगळ्या जमिनीभर. माझं माप असं आहे: सुपारीएवढा पांढरा, वाटाण्याएवढा अल्ट्रामरीन, तांदळाच्या दाण्याएवढा बर्न्ट सिएना. पॅलेट नाइफनं मिसळा, ब्रशनं नाही. टोकाला थोडा घेऊन पांढऱ्या कागदावर लावा. कागदावर तो शाळेच्या गणवेशाच्या फिकट निळ्या शर्टासारखा दिसायला हवा. "इतका गडद?" असं मनात आलं तर बरोबर जमलाय. जवळच्या बर्फाला असाच ठेवा. क्षितिजाकडं जाताना पांढरा आणि अलिझरीनचा ठिपका वाढवत न्या, म्हणजे लांबचा बर्फ फिकट आणि जांभळट होतो. जमीन सपाट नसते. चादरीच्या टेकड्या आठवा आणि ब्रश त्या उतारांच्या दिशेनं फिरवा.

सगळी जमीन निळी झाल्यावर घाबरायला होतं. बर्फ कुठाय? आता उन्हाचे पट्टे: पांढरा, येलो ऑकरचा दाणा, कॅडमियम यलो आणि अलिझरीन मिळून केशरी ठिपका. हे पट्टे सावल्यांच्या मधून, आणि फक्त सूर्याकडं तोंड केलेल्या उंचवट्यांवर. पट्टा सूर्याकडच्या बाजूला ठसठशीत आणि आपल्याकडच्या बाजूला निळ्यात विरत जाणारा असू द्या. एका पट्ट्याला दोनच फटकारे. तिसऱ्यांदा ब्रश फिरवलात की केशरी आणि निळा मिसळून रंग मळतो, आणि मळलेला बर्फ पुन्हा बर्फ होत नाही. मळलाच तर नाइफनं खरवडून काढा आणि नव्यानं लावा. घोटून सुधारत बसू नका.

अजून कुठंही नुसता पांढरा लावलेला नाही, हे लक्षात आलं का? तो शेवटासाठी राखायचाय.

उठण्याआधी मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करून बघा. सावली आणि ऊन यांत स्पष्ट फरक दिसला पाहिजे. दोन्ही सारखेच राखाडी दिसले तर सावली अजून गडद हवी.

दुसरी बैठक: मेंढरं

आठवडा जाऊ द्या. पांढरा मिसळलेला रंग सावकाश वाळतो. बोटाला चिकटत नसेल तरच पुढं जा. आता रंगात थोडं लिनसीड तेल घालायचं.

पहिला घास: सातही मेंढरांचे आकार एकाच गडद रंगानं भरा. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, येलो ऑकर आणि थोडा पांढरा. ओल्या गोणपाटासारखा रंग आला पाहिजे. लोकर वगैरे काही नाही, नुसते आकार. दोन मेंढरांमधल्या फटी मेंढरांइतक्याच लक्ष देऊन काढा. फट चुकली की दोन मेंढरांची एक गाय होते.

दुसरं, पोटाखालचा उजेड. सवयीनं आपण प्राण्याच्या पोटाखाली सगळ्यात गडद रंग भरतो. बर्फात तसं नसतं. खालचा बर्फ आरशासारखा उजेड वर फेकतो, त्यामुळं पोट आणि गळ्याची खालची बाजू जरा निळसर उजळ दिसते. सावलीच्या निळ्यात त्याच गोणपाटी रंगाचा थोडा अंश मिसळून पोटाच्या वळणावर एक फटकारा. मेंढरू लगेच गोल होतं आणि बर्फात उभं राहतं. वर्गात हा फटकारा मारल्यावर लोक गप्प होतात, मला तो क्षण फार आवडतो.

तिसरं, चेहरे. काळ्या तोंडाची मेंढी घेतलीत तर सिएना-अल्ट्रामरीनचा गडद काळा, कपाळावर निळसर एक ठिपका. डोळे काढू नका. इतक्या अंतरावरून, उजेड मागून असताना डोळे दिसत नाहीत. तुम्ही काढलेत की सातही मेंढरं टक लावून बघायला लागतात. कान मात्र काढा, आडवे. मागून ऊन येतंय म्हणून कानाची पातळ कातडी तांबूस उजळते, तिथं बर्न्ट सिएना आणि केशरीचा ठिपका. दुसरीकडं कुठं मेहनत घेतली नाहीत तरी चालेल, पण कान मनापासून करा.

चौथं, कड. पांढरा, कॅडमियम यलो आणि अलिझरीनचा ठिपका, घट्ट, तेल न घालता. फिल्बर्टच्या टोकावर घेऊन पाठीच्या वरच्या रेषेवर ठेवा. ओढू नका, ठेवा आणि उचला. कड सलग नको. लोकरीच्या गुंत्यात ती तुटते, जाड-बारीक होते. इथंच पाठीवरचा बर्फही येऊन जातो, माझ्या दवाच्या नकाशाप्रमाणं. सलग जाड कड काढली, अंगावर गोल-गोल पांढरे घातले, की मेंढराचा फ्लॉवरचा गड्डा होतो. भाजी मार्केटातला ढीग वाटावा अशी चित्रं माझ्याकडं पुष्कळ आली आहेत.

पायांबद्दल सांगायचं तर बर्फानं नवख्यावर मोठे उपकार केलेत. मेंढरं गुडघ्यापर्यंत रुततात. खुरं काढायचीच नाहीत. दोन-दोन आखूड गडद काठ्या आणि त्यांच्या बुडाशी बर्फाचा निळा ओठ, झालं. लगेच तिथूनच सावली सुरू करा, क्षितिजावरच्या खुणेच्या विरुद्ध दिशेला, आपल्याकडं लांबत येणारी. सावली पायांना चिकटलेली नसेल तर मेंढरू तरंगतं.

उरलेलं

कळपाच्या मागं तुडवलेली वाट हवी. बर्फ तुडवला की मळतो, त्यात माती वर येते, म्हणून वाटेत येलो ऑकर आणि सिएना मिसळलेला राखी. वाट सापासारखी वळवू नका. मेंढरं साधारण सरळ चालतात, कडेला थोडी विस्कटतात. जवळची झाडं रिगरनं, पातळ रंगानं. रंग शाईइतका पातळ करा, नाहीतर फांदी तुटते. ब्रश शेवटाकडून धरा आणि बुंध्याकडून टोकाकडं एका दमात जा. पुढच्या कोपऱ्यात बर्फातून वर आलेल्या वाळक्या गवताच्या चार-पाच काड्या पुरेत.

आणि आता पांढरा. टायटॅनियममध्ये येलो ऑकरचा शिंतोडा, नाइफच्या टोकावर लोण्यासारखा. चित्रात तीन किंवा चार जागा निवडा: कळपाच्या शेजारचा उन्हाचा पट्टा, पुढच्या मेंढराची पाठ, एखादा उंचवटा. ठेवा आणि हात मागं घ्या. पाचवी जागा शोधायला लागलात तर चहा प्यायला उठा.

वाळवणं आणि चिंध्या

जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या कधीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता बाहेर टाकतं. ढिगात ती कोंडते आणि चिंध्या काडी न लावता पेट घेऊ शकतात. बैठक संपली की त्या पाण्याच्या डब्यात बुडवा, नाहीतर उघड्यावर एकेक पसरून वाळवा. टर्पेंटाइनचा वास डोक्यात चढतो, खिडकी उघडी ठेवा आणि लहान पोरांपासून बाटली लांब.

थंडीत सुरू केलंत तर चित्र निवांत वाळतं. जूनमध्ये सुरू करू नका. इथल्या पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की तेलाला दुप्पट दिवस लागल्यासारखे वाटतात, आणि कॅनव्हासला बुरशी धरते. व्हार्निश सहा महिन्यांआधी नको, जाड पांढरे ठिपके आतून वाळायला तेवढा वेळ खातात. तोवर धूळ बसू नये म्हणून भिंतीला तिरपं, तोंड आत करून ठेवा, पण पृष्ठभाग कशालाही टेकू देऊ नका.

टांगताना बाहेरच्या, पाऊस झोडपणाऱ्या भिंतीवर टांगू नका. फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळती राहते. आणि ऑगस्टात एकदा उतरवून मागची बाजू बघा. पांढरी बुरशी दिसली तर गॅलरीत नेऊन कोरड्या मऊ ब्रशनं झटका, ओल्या फडक्यानं पुसू नका.